विचारून सांगते

दारावरच्या पाटीला चार स्क्रू होते. त्यांतल्या तिनांच्या खाचा आडव्या, जमिनीला समांतर होत्या. चौथ्याची, खालच्या उजव्या कोपऱ्यातल्याची, किंचित तिरपी होती. लावणाऱ्यानं शेवटचा फेरा घाईत अर्धवट सोडला असावा. ज्योत्स्नानं आधी ते पाहिलं. मग पाटीवरचं पारदर्शक प्लास्टिक पाहिलं. ते अजून काढलेलं नव्हतं आणि त्याच्या एका टोकाखाली हवेचा लांबट बुडबुडा अडकलेला होता. नाव तिनं सगळ्यात शेवटी वाचलं. डॉ. ज्योत्स्ना मगरे, संशोधन प्रमुख. तिनं हो म्हटलेलं नव्हतं. जालन्याच्या या बियाणे कंपनीत ती शिक्षण संपल्यापासून होती, मागच्या शेताकडे जायला रोज याच बोळातून चालत होती, आणि बोळातलं प्रत्येक दार तिच्या ओळखीचं होतं. एक खाली फरशीला घासायचं, एक पावसाळ्यात फुगायचं, एकाच्या कडीला तेलाचा वास यायचा. आज त्यातल्या एका दारावर तिचं नाव आलं होतं आणि तेवढं एकच दार तिला अनोळखी वाटायला लागलं. वर ट्यूबलाइट बारीक आवाजात गुणगुणत होती. तो आवाज इतरांना ऐकू येत नाही, हे तिला फार उशिरा कळलं होतं.

“बघितली का पाटी?” मागून अप्पाराव आले. कंपनी त्यांची. अजूनही सकाळी गावाकडच्या शेतात चक्कर मारून मग ऑफिसला येणारे, त्यामुळे बुटांना कायम काळी माती.

“एक स्क्रू तिरपा आहे,” ज्योत्स्ना म्हणाली.

अप्पाराव मोठ्यानं हसले. “तो करू सरळ. पण तुमचं काय, मॅडम? दसऱ्यापासून ऐकून राह्यलो, वडिलांना विचारून सांगते. काय म्हणले वडील?”

“विचारलं नाही अजून.”

“घ्या! वडील हायेत ना?”

“आहेत. तीर्थपुरीला.”

“मंग विचारा की. काय चंद्रावर आहे का तीर्थपुरी? आज शनिवार. जा, भेटा, सोमवारी मला उत्तर पाह्यजे. तुम्ही न्हाई म्हणलात तर रामकिसनकडं देतो, विक्री आन् संशोधन, दोन्ही कामं. बियाणं काय आपल्यासाठी थांबत न्हाई.” ते गेले. त्यांच्या बुटांची माती फरशीवर तुकड्यातुकड्यांनी राहिली.

ती नेहमीसारखी मागच्या शेतात गेली. मिरचीच्या ओळींमध्ये बाया वाकून कळ्या उघडत होत्या. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, चिमट्यानं तिच्यातले निळसर परागकोष काढून टाकायचे, आणि उद्या सकाळी दुसऱ्या ओळीतल्या फुलाचे पराग तिला लावून देठाला दोरा बांधायचा. हे सगळं इतकं बारीक असतं की नवी बाई पहिल्या आठवड्यात रडते. सगुणाबाई या कामात म्हातारी झाली होती. तिनं मान वर न करता विचारलं, “काय बाई, साहेब झालात म्हणं?”

“न्हाई झाले अजून.”

“व्हा की. आमाला बी सांगता येईल, आमच्या साहेब चिमटा धरत्यात म्हणून. पर मंग हितं येणार न्हाई तुमी. तो रामकिसन येईल का मिरच्या बघायला? त्याला मिरची फक्त भज्यात ओळखू येती.” बाया हसल्या. ज्योत्स्नाही हसली, थोडी उशिरा. कोणत्या जागी हसायचं हे तिला कळायचं, पण पोचायला वेळ लागायचा. मग एका कळीपाशी तिची नजर थांबली आणि मागचं हसणं, रस्त्यावरचे ट्रक, स्टीलच्या कारखान्यांची धडधड, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं लांब झालं. असं झालं की तिला बरं वाटायचं. लहानपणी याला माय ‘तंद्री’ म्हणायची, शाळेत बाई ‘लक्ष नाही’ म्हणायच्या, आणि विद्यापीठात तिच्या सरांनी पहिल्यांदा याला ‘लक्ष’ म्हटलं.

बसमध्ये खिडकी मिळाली. जालन्याचा उड्डाणपूल, भंगाराच्या गाड्या, मोसंबीचे ढीग मागे गेले आणि मग दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. वेचणी चालू होती. काही शेतं वेचून झालेली, काही अजून पांढरी, काहींत बाया कमरेला ओटी बांधून हळूहळू पुढे सरकणाऱ्या. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तीर्थपुरी,” आणि मग लगेच, “न्हाई, अंबड. तिथून बदलायची आहे.” तो म्हणाला, “आधी ठरवा, ताई.” त्याचं बोलणं खिडकीच्या काचेसारखं पुढचे काही मैल थरथरत राहिलं. आपण कशासाठी निघालो आहोत, हे तिनं स्वतःला नीट सांगून पाहिलं. अप्पारावांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, वडिलांना विचारून सांगते. ते वाक्य तिचं नव्हतंच. बीजोत्पादनाच्या गावांमध्ये फिरताना बायांच्या तोंडून तिनं ते ऐकलं होतं. ठेकेदारानं जास्त दिवस मागितले, शेजारणीनं भिशीत ये म्हटलं, की त्या सहज म्हणायच्या, मालकाला इचारून सांगते. आणि मग कोणी कोणाला विचारायचं नाही, कोणी कोणाला सांगायचं नाही, आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असायचं. ज्योत्स्नाला ही रीत फार आवडली होती. वाक्यं ती अशीच शिकली होती, दुसऱ्याची भाजी चाखून मसाला ओळखावा तशी. कोणी वारलं तर काय म्हणायचं, कोणाचं मूल पहिलं आलं तर काय म्हणायचं, लिफ्टमध्ये काय म्हणायचं. हे वाक्यही तिनं उचललं आणि योग्य जागी वापरलं. पण इतरांच्या तोंडून निघाल्यावर ते हवेत विरायचं, आणि तिच्या तोंडून निघालेलं विरेना. विचारून सांगते म्हटलं, आणि विचारलं नाही. म्हणजे ते खोटं झालं. दात घासताना ते तिथं असायचं, सूक्ष्मदर्शकाखाली असायचं, चपलेत गेलेल्या खड्यासारखं. आज अप्पारावांनी चेष्टेत म्हटलं की विचारा की, आणि तिला एकदम हलकं वाटलं. ते खरं करता येण्यासारखं होतं. त्यासाठी फक्त एक बस बदलायची होती.

खोटं न बोलणं हा तिचा गुण आहे, असं कंपनीत म्हणत. तिला तसं वाटत नसे. काहींना जिभेची गुंडाळी करता येत नाही, तसंच ते होतं. खोटं बोलायचं म्हणजे एकाच वेळी दोन चित्रं डोळ्यांपुढे धरायची, एक आहे ते आणि एक दाखवायचं ते. ती तसं करायला गेली की तिला गरगरायचं. मागच्या उन्हाळ्यात रामकिसन तिच्या प्रयोगशाळेत आला होता. विक्रीचं सगळं त्याच्याकडे होतं. मोठा हसरा माणूस, चार जिल्ह्यांतल्या दुकानदारांच्या मुलांची नावं पाठ. एका लॉटचं बी त्याला बाजारात हवं होतं. म्हणाला, “मॅडम, उगवण बराबर आहे ना? कायद्यात बसतं ना?” ती म्हणाली, “बसतं. पण एकसारखं उगवत नाही. काही लवकर, काही आठवड्यानं. शेतकऱ्याला दोनदा तोडणी करावी लागेल.” तो म्हणाला, “ते कोण बघतं?” ती म्हणाली, “मी पाहिलं ना.” यात तिला काही जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं. रामकिसनला ते दिसत नव्हतं आणि तिला न दिसणं शक्य नव्हतं, एवढंच. लॉट थांबला. त्यानंतर दसऱ्याला अप्पारावांनी प्रमुखपदाचा विषय काढला. ज्या बियाण्यावर सही करायची ती सही आता तिच्या नावानं व्हावी, असं त्यांच्या मनात आलं. तिनं नाही म्हटलं तर ती सही रामकिसनची. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाफ्यात उभं राहून फक्त हिरवा रंग दिसायचा.

आणि तिला काय दिसायचं? कापूस मागे पळत होता आणि पांढऱ्यातून तिला ते झाड दिसायला लागलं. एका वर्षी सगळ्या प्लॉटवर बोकड्या आला होता, मिरचीची पानं आवळून, मुरडून, झाडं खुजी होत चालली होती. त्याच्याही आधी, रोग दिसायच्या आधी, ओळीतल्या एका झाडापाशी तिचा पाय थांबला होता. पानाच्या कडेची लकेर इतरांसारखी नव्हती. का नव्हती ते तिला सांगता येईना. नियम असा की ओळीत जे वेगळं दिसेल ते भेसळ, ते उपटायचं. तेव्हाचे प्रमुख म्हणाले, “काढून टाका.” तिनं ते उपटलं नाही, झाडाला निळा दोरा बांधला. प्रमुख विसरून गेले. ती रोज जाऊन त्या झाडापाशी उभी राहायची, बोकड्या पसरवणारी पांढरी माशी त्याच्यावर बसते का बघायची; आजूबाजूची झाडं मुरडली तरी ते सरळ राहिलं. ऊन चढायचं, डबा तसाच राहायचा. तिला कंटाळा यायचा नाही. कंटाळा म्हणजे नेमकं काय होतं, हे तिनं एकदा मैत्रिणीला विचारलं होतं. त्या झाडाच्या बियांपासून, मग त्यांच्या बियांपासून, कितीतरी हंगामांनंतर जी मिरची झाली ती आता खानदेशापासून आंध्रापर्यंत जाते. सत्कार झाले. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ती कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघते आहे. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना तिनं हे सांगितलं तेव्हा त्या आनंदून म्हणाल्या होत्या, “म्हणजे तुम्ही त्या झाडासारख्याच आहात!” ज्योत्स्नाला ते पटलं नाही. झाडाला उपटू नका म्हणायला कोणीतरी लागतं, आणि झाडाला सोमवारी मीटिंग नसते. पण बाई चांगल्या होत्या, म्हणून तिनं मान हलवली.

पुण्याला डॉक्टरकडे ती गेली ती दुकानदारांच्या एका संमेलनामुळे. जालन्याच्या एका मोठ्या हॉटेलात, तिच्याच मिरचीच्या कौतुकासाठी. स्पीकर छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखा वाजत होता, दिवे लाल-निळे फिरत होते, अत्तर, रस्सा, ओला गालिचा, आणि प्रत्येक जण हात पुढे करत होता. स्टेजवर तिचं नाव पुकारलं तेव्हा ती खालच्या मजल्यावर, हॉटेलच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांमध्ये बसलेली होती. ताग गालाला टोचत होता आणि ते टोचणं एकच होतं, एकाच जागी होतं, म्हणून बरं वाटत होतं. रामकिसननं तिला शोधलं. त्यानं काही विचारलं नाही, बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की मॅडमला पित्त झालं. तिला त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटली आणि त्याच वेळी तिला वाटलं, मला पित्त झालेलं नाही. मग तिनं वाचायला सुरुवात केली, जशी ती कुठल्याही रोगाबद्दल वाचायची, आणि वाचता वाचता ओळींमधून तिचाच चेहरा वर यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ प्रश्न विचारून शांतपणे सांगितलं, ऑटिझम. नंतर मराठीतही सांगितलं, स्वमग्नता. घरी येताना शिवनेरी बसमध्ये ती त्या शब्दावर विचार करत राहिली. स्वतःत मग्न? ती स्वतःत कधी होती? ती पानात असायची, कळीत असायची, ट्यूबलाइटच्या आवाजात असायची. स्वतःकडे यायला तिला फार मोठा वळसा पडायचा. पण नाव मिळालं हे बरं झालं. नाव नसलेल्या कीटकावर औषध शोधता येत नाही, आणि काही कीटक, नाव कळलं की, शत्रू नाहीत असंही कळतं. ही गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नाही. जालन्यात तिच्या दोन खोल्यांत ती गोष्ट तिच्याबरोबर राहायची, कमी बोलणाऱ्या भाडेकरूसारखी.

अंबडला बस बदलली. मत्स्योदरीची टेकडी दुपारच्या उन्हात पाठ वर काढून निजलेली. स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यावर घुंगरू वाजत होतं, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं कागदांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. दुसरी बस रिकामी होती. रिकाम्या बसमध्ये पत्र्याचे आवाज वाढतात, पण त्यांना लय असते आणि लयीत तिला झोप यायची. पूर्ण नाही. डोळ्यांच्या आत ऊस हलत होता, आणि उसाच्या पलीकडे घराचं मागचं दार अर्धवट लोटलेलं, आणि त्या फटीतून बाबा. बाबा खाली बसलेले, पुढे सुपात तूर, आणि ते एकेक दाणा बोटानं बाजूला करतायत. फुटका इकडे, सारखा तिकडे. दिवा लावलेला नाही. माय हळू आवाजात सांगते, “जाऊ नको तिकडं. बाबाचं डोकं दुखून राह्यलंय.” ते हेडमास्तर झाले त्या वर्षापासूनचं ते चित्र होतं. त्याआधी बाबा गणित शिकवायचे आणि संध्याकाळी तिला भिंग देऊन मुंगीचे डोळे दाखवायचे. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत आपल्या लोकांतला पहिला हेडमास्तर. विहारात वंदना झाली, हार घातले, गावानं बँड आणला, आणि तो बँड वाजत असताना बाबांचा चेहरा तिनं पाहिला होता. तो हसत होता आणि डोळे दुसरीकडे होते. नंतर सोमवार ते शनिवार बाबा घरात बोलायचे नाहीत. लोक म्हणायचे, खुर्ची मिळाली आन् मास्तर उतलं, रामराम घेत न्हाई. तिला तेव्हा वाटायचं आपणच काही केलं. खूप नंतर, पुण्याहून येताना, शिवनेरीच्या थंड काचेला डोकं टेकलेलं असताना, ती फट पुन्हा दिसली आणि तिनं पहिल्यांदा तुरीच्या दाण्यांकडे न बघता बाबांच्या हातांकडे पाहिलं. ते तिचे हात होते.

म्हणून तर ती विचारत नव्हती. बाबा काय म्हणणार हे तिला माहीत होतं. आपल्या लेकीला खुर्ची मिळते आहे, आणि ती घेऊ का म्हणून विचारते? किती जणांच्या पाठी वाकल्या तेव्हा एक खुर्ची सरळ उभी राहिली, हे तिला लहानपणापासून कळत होतं, कोणी न सांगता. नाही म्हणणं म्हणजे त्या सगळ्यांना नाही म्हणणं. आणि हो म्हणणं म्हणजे तूर निवडत बसणं, दिवा न लावता. दोन्हीच्या मध्ये ती दसऱ्यापासून उभी होती, एका उसन्या वाक्याच्या आडोशाला.

घराच्या अंगणात लिंबाची सावली होती. तिचे बाबा, पुंजाराम मास्तर, बाजेवर बसून खुरप्याची मूठ काचेच्या तुकड्यानं घासत होते. तिला बघून त्यांनी मान हलवली, घासणं थांबवलं नाही. गिरिजाबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या.

“अगं माय! अशी कशी आलीस? फोन बिन करायचा न्हाई?”

“फोन केला असता तर तू अर्ध्या गावाला जेवायला बोलावलं असतंस.”

“बोलावलं असतं, मंग? लेक येती वर्षातनं दोनदा, तोंड लपवून. वाळलीस. मिरच्याच खाती का काय तिकडं?”

“खाते. पिकवते तेवढ्या खात न्हाई.”

भाकरी झाली, ठेचा झाला, माठातलं पाणी झालं. मग ती बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. बाबांशी बोलताना समोरासमोर बसायचं नसतं. दोघांनीही एकाच दिशेला बघायचं, म्हणजे बोलणं नीट होतं. समोर शेजाऱ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढला होता.

“बाबा, कंपनीत मला संशोधन प्रमुख करून राह्यलेत. मी त्यांना म्हणलं, वडिलांना विचारून सांगते. ते विचारायला आले.”

“कधी म्हणलीस?”

“दसऱ्याला.”

“आन् आता विचारायलीस.”

“हो.”

“ह्यात काय विचारायचं!” गिरिजाबाई चुलीजवळून म्हणाल्या. “खुर्ची कशी हाय? फिरती का?”

“फिरती.”

“मंग झालं. ह्यांच्या टायमाला लाकडी व्हती, तरी गावानं बँड आणल्ता.”

“बँड,” पुंजाराम म्हणाले, जुन्या तापाचं नाव घ्यावं तसं. काचेचा तुकडा मुठीवरून सावकाश फिरला. त्यांनी हो म्हटलं नाही. तिनं वाट पाहिली आणि ते काहीच म्हणत नव्हते, आणि त्या न म्हणण्यात इतकी जागा होती की तिला आपोआप बोलावंसं वाटलं.

“मी पुण्याला गेल्ते. डोक्याच्या डॉक्टरकडं. त्या म्हणल्या मला ऑटिझम आहे. जन्मापासून असतं. रोग न्हाई, मेंदूची ठेवणच तशी असते. मला आवाज जास्त ऐकू येतात. ट्यूबलाइटचा येतो. एका वेळी दोघं बोलले की कोणाचंच कळत न्हाई, नुसतं टोचतं. कपड्याची शिवण टोचते. लोकांच्या डोळ्यांकडं बघितलं की ते काय बोलून राह्यलेत ते ऐकू येणं बंद होतं. आणि एखादी गोष्ट बघायला लागले की मला तिच्यातनं निघता येत न्हाई. त्यातनंच ती मिरची निघाली, म्हणल्या.”

काच थांबली. पुंजाराम मास्तर वेलाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, “हे सगळ्यांनाच होत न्हाई का?”

“न्हाई, बाबा.”

“बिलकुल?”

“असं होत न्हाई.”

त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. “ऐकलं का. तुला शाळेची घंटा कशी ऐकू यायची?”

“घंटा?” गिरिजाबाई दारात आल्या. “मला काय माहीत. कवा व्हायची आन् कवा न्हाई. मी काय घंटा ऐकायला बसल्ते का, कामं सोडून?”

“माझ्या खिडकीला लागूनच व्हती,” पुंजाराम म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते की वेलाशी, कळत नव्हतं. “रुळाचा तुकडा. शिपाई घणानं मारायचा. मला ती हितं लागायची.” त्यांनी दातांच्या मुळाशी बोट ठेवलं. “वाजायच्या आधीच लागायची. पुढची वाजेपर्यंत पहिली संपायची न्हाई. आन् मंग लोकं यायची, पालक, सभापती, सगळे एकदम बोलायचे. घरी आलो की मला भाषाच राह्यलेली नसायची. तुम्हाला वाटलं असंल मी रागात हाये.”

“मला वाटायचं,” गिरिजाबाई हळूच म्हणाल्या. “लई वर्षं वाटायचं.”

“घंटा हलवायला का न्हाई सांगितलं, बाबा? मैदानाच्या पल्याड लावता आली असती.”

“कोणत्या तोंडानं सांगू? आपल्यातला पहिलाच. लोक म्हणले असते, ह्याला घंटा बी सोसत न्हाई, शाळा काय सोसंल. आन् मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं. सगळे सहन करतात आन् मीच कच्चा.” त्यांनी मुठीवरचा भुगा फुंकला. “आता तू सांगतीस की न्हाई होत.”

उन्हाची तिरीप लिंबातून खाली आली होती आणि तिच्यात काचेनं घासलेल्या लाकडाचा भुगा तरंगत होता, अजिबात घाई नसलेला. ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत राहिली. मागं कुठेतरी ट्रॅक्टर गेला, ऊस भरलेला, त्याच्यावर लावलेलं गाणं आलं आणि गेलं. गिरिजाबाई मास्तरांच्या पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी पिठाचा हात मास्तरांच्या खांद्याजवळ नेला, ठेवला नाही, आणि परत घेतला. मास्तरांना हात ठेवलेला आवडत नाही हे गिरिजाबाईंना संसारभर ठाऊक होतं. का ते आज कळलं होतं.

“मग मी काय करू?” ज्योत्स्नानं विचारलं. आता ते वाक्य खरं झालं होतं. ते ऐकताना तिचं तिलाच नवल वाटलं. ते उसनं राहिलं नव्हतं.

पुंजाराम मास्तरांनी खुरपं उन्हाकडे धरून मूठ पाहिली. “मी हो म्हणलो तर तू माझ्यासाठी बसशील. न्हाई म्हणलो तर माझ्याकडं बघून सोडशील. दोन्ही गणितं चुकीची हायेत. मी काहीच म्हणत न्हाई. तू विचारलंस, ते काम झालं. बराबर?”

“बराबर.”

“पण एक विचारू? ती सही तू न्हाई केली, तर कोण करंल?”

“रामकिसन.”

“त्याला बियाणं कळतं का?”

“त्याला माणसं कळतात. लई चांगली कळतात.”

“मंग त्याला माणसं दे की,” गिरिजाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी लावायला लागल्या, जणू त्यांनी फक्त कुठलं पातेलं कोणत्या फळीवर ते सांगितलं होतं.

ज्योत्स्ना हसली, या वेळी वेळेवर. हसू ओसरल्यावरही ते वाक्य तिथंच राहिलं, आणि त्याच्याभोवती हळूहळू बाकीचं जमायला लागलं, प्रयोगाची मांडणी जमते तसं: काय कायम ठेवायचं, काय बदलायचं, काय मोजायचं. इतके दिवस तिनं खुर्ची एकसंध समजली होती, घ्यायची किंवा सोडायची. तिचे भाग करून पाहिले नव्हते. आणि भाग केले तरी ते का केले हे सांगावं लागणार होतं, नाहीतर लोक पुन्हा पित्त म्हणणार, गर्व म्हणणार, डोकं दुखतंय म्हणणार. न सांगता सोसत राहिलं की काय होतं, ते ती बाजेवर शेजारीच बघत होती.

तिला फोन करणं आवडत नसे. फोनवर माणसाचा चेहरा नसतो हे बरं, पण आवाज थेट कानात शिरतो. ती उठून अंगणाच्या कडेला, वेलाच्या खाली गेली. अप्पारावांचा नंबर लावला. वाजत असताना तिनं वेलाच्या तणाव्याकडे बघितलं. तो तारेला दोन वेढे डावीकडून आणि मध्येच दिशा बदलून दोन वेढे उजवीकडून घेत होता.

“बोला मॅडम! वडील काय म्हणले?”

“विचारलं. ते काही म्हणाले नाहीत.”

“म्हणजे?”

मागं बाजेवर काच पुन्हा घासायला लागली होती आणि मग ती थांबली. स्वयंपाकघरातली भांडीही थांबली. आपल्यासाठी कोणी शांतता करतं आहे, हे तिला पाठीवर जाणवलं.

“म्हणजे मीच सांगते आहे, साहेब. मी प्रमुख होते. बियाण्यावर सही माझी राहील. सकाळी मी शेतात असेन आणि तेव्हा फोन घेणार नाही. दुकानदारांचे कार्यक्रम, भाषणं, स्टेज, हे रामकिसन बघतील, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मला ऑटिझम आहे. त्याला मराठीत दुसरंही नाव आहे पण मी हेच वापरते. सोमवारी सगळे जमले की हे मी स्वतः सांगणार आहे, तुम्ही सांगू नका.”